गुंटरस्टालच्या रानातली बालवाडी

जर्मनीतल्या फ्रायबुर्गची दोन नंबरची ट्राम शहराच्या दक्षिण टोकाला एका जुन्या मठाच्या कमानीखालून जाते आणि गुंटरस्टाल या वस्तीत येऊन थांबते. तिथून ब्लॅक फॉरेस्टचे डोंगर सुरू होतात. ऑक्टोबरच्या मध्यावर, सकाळी सव्वाआठ वाजता, भुरभुरत्या पावसात मी माझ्या साडेचार वर्षांच्या नातवासोबत तिथे उतरले. तापमान सहा अंश होते. डहाणू तालुक्यात एकतीस वर्षे बालवाडी चालवताना पाऊस आला की मुलांना आत घ्यायचे, हा नियम मी कधी मोडला नव्हता. नातवाच्या बालवाडीला मात्र ‘आत’ नावाची जागाच नाही. तिला इकडे वाल्डकिंडरगार्टन म्हणतात, म्हणजे रानातली बालवाडी.

लेकीने आधीच परवानगी काढून ठेवली होती. अट एकच, की छायाचित्रे काढायची नाहीत. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो घेणे इथे गैर समजतात, आणि मला ते पटले. त्यामुळे पुढचे सगळे वहीत उतरवलेल्या टिपणांवरून लिहीत आहे.

रानाच्या तोंडाशी अठरा मुले जमली होती. वये तीन ते सहा. सोबत दोन शिक्षिका आणि शाळा संपवून वर्षभर समाजसेवेसाठी आलेला एक तरुण. मुलांचे कपडे कांद्यासारखे, पापुद्र्यावर पापुद्रा. सर्वात आत लोकर, वरून पाणी न शिरणारी, खांद्यावर पट्टे असलेली विजार, जिला ही मंडळी सरळ ‘चिखलविजार’ म्हणतात. पाठीवर डबा, पाण्याची बाटली आणि बसायला एक घडीची बस्कर. माझ्या पायांत पुण्याहून आणलेले कापडी बूट होते. नातवाने ते खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि गंभीरपणे सांगितले, “आजी, तुझे बूट चुकलेत.”

सगळे गोल करून उभे राहिले, गाणे झाले, आणि एका मुलीने प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजणी केली. अठरा. मग वाटचाल सुरू झाली. मुक्कामाची जागा जेमतेम सहाशे मीटरवर असेल, पण तिथे पोचायला आम्हांला पाऊण तास लागला. मुले पुढे धावत होती आणि शिक्षिका मागे निवांत चालत होत्या. माझा जीव वरखाली होत होता. मग लक्षात आले, की वाटेवर थांबे ठरलेले आहेत: वाकडे बीचचे झाड, लाकडांचा ढीग, ओढ्यावरचा साकव. त्यांपुढे कोणीही एकटे जात नाही. सर्वात पुढचा मुलगा वाकड्या झाडाशी येऊन स्वतःहून थांबला आणि बुंध्यावरचे शेवाळ खरवडत बसला.

साकवाच्या अलीकडे सगळी वरात अचानक थबकली. ओल्या पानांतून एक सॅलमँडर वाट ओलांडत होता. पालीसारखे अंग, पण तुकतुकीत काळे, आणि त्यावर हळदीच्या बोटांसारखे पिवळेधमक ठिपके. पावसात हा प्राणी बाहेर पडतो. त्याच्या कातडीतून दाहक द्रव पाझरतो, म्हणून त्याला हात लावायचा नाही, हे तीन वर्षांच्या पोरालाही ठाऊक होते. मुले उकिडवी बसली. सॅलमँडर एक पाय उचली, थांबे, विचारात पडल्यासारखा डोके वळवी, मग दुसरा पाय उचली. दोन मुलांनी वाटेच्या दोन्ही बाजूंना उभे राहून आडवे हात केले, कारण कधीकधी इथून सायकली जातात. हे सगळे वीस मिनिटे चालले. मी असते तर एवढ्या वेळात उभयचर प्राण्यांवर पाठ घेऊन, वर दोन प्रश्नही विचारले असते. शिक्षिका मुलांशेजारी बसून राहिली आणि एका मुलाने “त्याचे पाय किती?” असे विचारल्यावर म्हणाली, “मलाही आता मोजावे लागतील.” तिला उत्तर माहीत नव्हते असे थोडेच आहे!

‘किंडरगार्टन’ हा शब्द १८४० साली शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्र्योबेल यांनी याच देशात घडवला. मुलांची बाग असा त्याचा सरळ अर्थ. पण पुढे जगभर ती बाग खोल्यांतच भरू लागली. तिला पुन्हा झाडांखाली नेण्याची सुरुवात १९५०च्या दशकात डेन्मार्कमध्ये एला फ्लाटाऊ यांनी केली. जर्मनीत १९६८ साली वीसबाडेनला असा एक प्रयत्न झाला, आणि डेन्मार्कच्या सीमेजवळच्या फ्लेन्सबुर्गमध्ये १९९३ साली अशा बालवाडीला पहिली अधिकृत मान्यता मिळाली. आज देशात त्यांची संख्या दीड हजाराच्या वर आहे.

मुक्कामाच्या जागी एक लाकडी गाडा उभा होता, आपल्याकडे रस्त्याच्या कामावर मुकादमाची असते तशी चाकांवरची खोली. आत लहानशी शेगडी, कोरडे कपडे आणि प्रथमोपचाराची पेटी. खेळणी नव्हती. डब्याआधी मुलांनी कॅनच्या तोटीखाली, रांग मोडता मोडता, हात धुतले. रानातले काहीही परस्पर तोंडात घालायचे नाही, हा इथला सर्वात कडक नियम. दक्षिण जर्मनीत कोल्ह्याच्या विष्ठेतून पसरणाऱ्या पट्टकृमीची भीती असते. गोचिडींमुळे होणाऱ्या मेंदूज्वराची लसही इथे मुलांना टोचून घेण्याची शिफारस आहे. रान म्हणजे निव्वळ गोडगुलाबी प्रकरण नव्हे, हे शिक्षिकांनी मला आडपडदा न ठेवता सांगितले.

जेवणानंतर पाच वर्षांची एक मुलगी ओंडक्यावर बसून हेझेलची काठी तासू लागली. हातात खराखुरा चाकू होता. चाकू घेतला की बसायचे, हात लांब करून कोणाला लागत नाही ना हे पाहायचे, आणि पाते कायम अंगापासून बाहेरच्या दिशेने चालवायचे. तिने हात लांब केला, तो माझ्या गुडघ्याला लागला. तिने माझ्याकडे पाहिले. काहीच बोलली नाही, वाट पाहिली. मी उठून दोन पावले मागे सरकले, तेव्हा पहिली साल निघाली.

मी तिथे जाताना मुक्ततेबद्दल लिहायचे असे मनाशी धरून गेले होते. पाहिली ती शिस्त. भिंती नसल्या की भिंतींचे काम नियमांना करावे लागते, आणि ते नियम मोजके, पण मुलांना कारणासकट पाठ असतात. वादळी वाऱ्याच्या दिवशी रानात येतच नाहीत; गावात त्यासाठी एक खोली ठरलेली आहे. वाळक्या फांद्यांवर शिक्षिकांची नजर रोज असते.

मला सारखी आमच्या डहाणू तालुक्यातल्या कोसबाडची आठवण येत होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी हा शब्द आपल्याला मिळाला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी पुढे कुरणशाळा निघाली. महागड्या साधनांऐवजी बिया आणि शिंपले वापरले. कोसबाडच्या मुलांना रान शिकवावे लागत नव्हते, फक्त शाळा त्यांच्यापर्यंत न्यायची होती. इथे सुखवस्तू घरांतली मुले रानापर्यंत आणावी लागतात. दोन्हींना एकाच ओळीत बसवणे मला प्रामाणिक वाटत नाही. शिवाय ही बालवाडी दुपारी दीडला सुटते, म्हणून माझी लेक अर्धवेळ नोकरी करते. हे ज्यांना परवडत नाही त्यांची मुले त्या अठरांत नव्हती.

परतीच्या वाटेवर नातू मला दूरवरच्या झाडीकडे बोट दाखवून ‘वाल्डट्राउट’बद्दल सांगत होता. हे एका डग्लस फर वृक्षाचे नाव. तो पासष्ट मीटरांहून उंच आहे आणि जर्मनीतले सर्वांत उंच झाड म्हणून ओळखला जातो. डग्लस फर ही जात मूळची उत्तर अमेरिकेची, हे मी त्याला सांगितले, तर तो म्हणाला, “मग तिला जर्मन येत असेल का?”

घरी आल्यावर दारातच चिखलविजार उतरली. लेकीने त्याचे कान, मान, काखा, गुडघ्यांच्या मागची बाजू गोचिडीसाठी तपासली. खिशांतून तेवीस बीचच्या बिया, एक गोगलगायीचा शंख आणि सालीचा तुकडा निघाला. मग त्याने माझे ओलेचिंब बूट घेतले, जुने वर्तमानपत्र फाडून त्याचे बोळे आत कोंबले, आणि ते हीटरपासून बरेच लांब ठेवले. जवळ ठेवले तर तडकतात, असे त्याने मला बजावले. वाळायला दोन दिवस लागले.