खाऱ्या हवेतला एसी: निवडीपासून पावसाळ्यापर्यंतचा माझा अनुभव

रत्नागिरीत मे महिन्यात पारा बहुतेक दिवस तेहतीस-चौतीसच्या आसपास घुटमळतो. विदर्भातल्या माणसाला हा उन्हाळा वाटणारच नाही. तरी दुपारी कपडे अंगाला चिकटतात आणि रात्री पंख्याखाली उशी ओली होते, कारण इथला त्रास उन्हाचा कमी आणि दमटपणाचा जास्त. एसीच्या दुकानात मात्र सगळं बोलणं अंशांचं चालतं: खोली किती मिनिटांत गार होते, १६ वर लावता येतो का, उन्हात टिकतो का. किनाऱ्यावर एसी घ्यायचा तर दमटपणा, खारं वारं आणि वोल्टेज या तीन गोष्टी आधी बघाव्या लागतात, आणि नेमक्या त्याच लेबलवर छापलेल्या नसतात. घरासाठी एसी घेताना मी निवडीची सुरुवात या तिन्हींपासून केली. घर चिऱ्याचं, कौलारू, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर. खोली साधारण अकरा बाय तेरा फुटांची.

पहिला प्रश्न वीजबचतीच्या लेबलवरच्या ताऱ्यांचा नाही, तासांचा आहे. वर्षाला एसी किती तास चालणार? लेबलवरचा वार्षिक युनिटचा आकडा वर्षाला १६०० तास वापर धरून काढलेला असतो. दीड टनाच्या तीन तारे आणि पाच तारे यांच्यात त्या हिशेबाने साधारण २०० युनिटचा फरक पडतो, म्हणजे तासाला पाव युनिटच्याही निम्मा. मुंबईहून मे महिन्यात आणि गणपतीत येणाऱ्या चाकरमान्यांच्या घरात एसी वर्षाला तीनशे तास चालला तर वाचणार अडतीस-चाळीस युनिट. युनिटला पंधरा रुपये धरले तरी सहाशे रुपये. दोन यंत्रांच्या किमतीत आठ हजारांचा फरक असेल तर तो भरून निघायला तेरा वर्षं लागतील, आणि खाऱ्या हवेत यंत्र तेवढी वर्षं काढेल याचा भरवसा कोणी देत नाही. अशा घराला तीन तारे पुरतात; उरलेले पैसे स्टँड, अर्थिंग आणि स्टॅबिलायझरवर घालावेत. याउलट घरात आजारी किंवा वयस्कर माणूस आहे, रोज रात्री आठ तास एसी चालतो, किंवा खोली पाहुण्यांना भाड्याने जाते, तिथे पाच तारेच घ्यावेत. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटला पायऱ्या चढतो. एसीचे युनिट बिलाच्या वरच्या टोकाला पडतात, म्हणून हिशेब सरासरी दराने न करता तुमच्या बिलातल्या शेवटच्या पायरीच्या दराने करायचा.

लेबलवर आणखी एक ओळ बघायची, ती वैधतेच्या मुदतीची. ताऱ्यांचं कोष्टक ठरावीक काळाने कडक होतं. जुलै २०२२ मध्ये झालं, जानेवारी २०२६ पासून पुन्हा झालं. आधीच्या कोष्टकातला पाच तारे नव्यात पाच राहीलच असं नाही. म्हणून तारे मोजण्यापेक्षा आयएसईईआरचा (वर्षभरात खाल्लेल्या विजेच्या मानाने मिळणाऱ्या थंडाव्याचा) आकडा वाचावा. सवलतीत मिळणारा जुना माल वाईट असतो असं नाही, फक्त त्याचे तारे जुन्या मापाचे असतात. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे; बिलावर तो १८ टक्केच लागलाय ना, एवढं बघून घ्या.

आता टन. १ टन म्हणजे तासाला १२००० बीटीयू, साधारण ३.५ किलोवॅट. आमच्याकडे सर्रास ऐकू येतं, ‘मोठाच घ्या, लवकर गार होईल.’ दमट हवेत हा सल्ला उलटतो. खोलीच्या मानाने मोठं यंत्र पाच-सात मिनिटांत तापमान खाली आणतं, कॉम्प्रेसर मंदावतो किंवा थांबतो, आणि हवेतलं पाणी निघायचं राहून जातं. खोली गार होते पण ओलसर राहते, गादीला वास धरतो. वर पक्का स्लॅब आणि त्यावर आणखी एक मजला असेल, पश्चिमेची भिंत उन्हात नसेल, तर १२० चौरस फुटांपर्यंत एक टन पुरतो. त्यापुढे १८० पर्यंत, किंवा वरच्या मजल्याची तापणारी खोली असेल तर दीड.

कौलांखाली थेट एसी लावू नये. कितीही टनांचा लावला तरी गार हवा रिपांमधून आणि भिंतीच्या माथ्यावरच्या फटीतून निघून जाते, आणि बाहेरची दमट हवा आत येत राहते. खाली छत लागतंच. जिप्सम इथल्या पावसाळ्यात फुगतं आणि डाग धरतं, म्हणून जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) फ्रेमवर पीव्हीसी पट्ट्या बऱ्या. वर दोन इंच जाडीचा थर्माकोल किंवा ग्लासवूल. छताच्या वरचा माळा मात्र हवेशीर राहू द्यायचा, नाहीतर वासे कुजतात. भिंत आणि छताच्या सांध्यात, खिडकीच्या फळ्यांमध्ये सिलिकॉन किंवा रबरी पट्टी. या कामाला एसीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका खर्च सहज येतो. कोणी आधी सांगत नाही. पण त्याशिवाय आमची खोली एक-दीड टनात भागलीच नसती.

दुकानात मी विचारलेले प्रश्न रंग, वायफाय किंवा आवाजाबद्दलचे नव्हते. कॉइल आतली आणि बाहेरची दोन्ही तांब्याची आहेत का? कॉइलच्या पत्र्यांवरचं निळं किंवा सोनेरी लेपन फक्त पाणी ओघळून जाण्यासाठी आहे की गंजरोधक आहे? निळा रंग दिसला म्हणजे मिठापासून संरक्षण मिळालं असं नाही. तांब्याची नळी आणि तिच्यावरचे अॅल्युमिनियमचे पत्रे एकमेकांना टेकलेले असतात; त्यांच्यावर मिठाचा ओलावा बसला की दोन धातूंमध्ये बारीक प्रवाह सुरू होतो आणि अॅल्युमिनियम आधी झिजतं. पत्रे पांढऱ्या भुकटीसारखे सुटू लागतात, उष्णता बाहेर जात नाही, यंत्र जास्त वीज खातं. बाहेरच्या यंत्रातल्या पीसीबीवर (इलेक्ट्रॉनिक बोर्डावर) लेपन आहे का, हेही विचारा. उघड्या पीसीबीवर खारट ओलावा आणि पाली हे दोन शत्रू. पाल दोन टोकांमध्ये अडकली की बोर्ड जळतो.

त्याहून महत्त्वाचं, वॉरंटीच्या कागदावरचा बारीक मजकूर. कॉम्प्रेसरची दहा वर्षं ठळक छापलेली असतात. गंजामुळे झालेली गळती आणि वोल्टेजमुळे जळालेला बोर्ड वॉरंटीत बसतो का, ते आत कुठेतरी असतं. दुकानदाराला सरळ विचारावं, ‘दादा, सर्व्हिसचा माणूस कुठून येणार? चिपळूणहून की कोल्हापूरहून?’ कुडाळ, कणकवली, रत्नागिरी, चिपळूण, महाड या पट्ट्यात ज्याचा मेकॅनिक बसतो तीच कंपनी घ्यावी, मग जाहिरात कोणाचीही असो. ऑनलाइन दोन-तीन हजार स्वस्त मिळतं. पण बसवणारा तालुक्याला येऊन पुढे गावात यायला तयार नसेल तर मे महिना खोक्याकडे बघण्यात जातो. आमच्या भागात शेजाऱ्याकडे कोणता आहे हे बघून बरेच जण एसी घेतात. त्यात मला चूक दिसत नाही, फक्त शेजाऱ्याला ‘गार होतो का’ याऐवजी ‘तक्रार केल्यावर माणूस कधी आला’ हे विचारावं.

वीज. संध्याकाळी सात ते अकरामध्ये प्लगमध्ये मल्टिमीटर घालून वोल्टेज बघा, सलग काही दिवस. बऱ्याच इन्व्हर्टर एसींना (कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या) दीडशे वोल्टच्या आसपासपर्यंत चालतं असं कागदावर असतं. डीपीपासून (गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांबच्या वाडीत मे महिन्यात ते त्याच्याही खाली जातं. तिथे रुंद पल्ल्याचा, १३० पासून चालणारा ४ केव्हीएचा स्टॅबिलायझर दीड टनाला लागतो. एसीला मीटरपासून स्वतंत्र वायर, दीड टनासाठी तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची. वीस अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की तोडणारा). अर्थिंगकडे जांभ्या दगडात विशेष लक्ष द्यायचं. कातळ उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि अर्थिंगच्या खड्ड्यातला रोध वाढतो, नेमका एसी चालायच्या दिवसांत. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये एसी चालू असताना तीन-चार वोल्टपेक्षा जास्त दिसलं तर न्यूट्रल आणि अर्थिंग दोन्ही तपासून घ्यावं, आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत राहावं. मंजूर भार कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्यावा.

बाहेरच्या यंत्राची जागा मी बसवणाऱ्यावर सोडली नाही. समुद्राकडची पश्चिम बाजू टाळायची. दुपारचं वारं मीठ घेऊन थेट पत्र्यांत शिरतं आणि पंख्यालाही उलटा जोर लागतो. घराच्या आडोशाची पूर्व बाजू उत्तम. वळचणीखाली घ्या, पण पागोळ्यांच्या रेषेत नको. नारळाखाली तर नकोच. झावळ पडली तरी पंख्याची जाळी वाकते. जमिनीपासून दोन फूट उंच, म्हणजे पावसात तांबडी माती उडून पत्र्यांत बसत नाही. मागे वीतभर आणि समोर दोन-तीन फूट मोकळं. ग्रिल लावून बंद केलेल्या पडवीत ठेवलं तर तीच गरम हवा फिरून आत येते.

चिऱ्याच्या भिंतीत साधा अँकर फास्टनर धरत नाही. दगड सच्छिद्र, थोड्या हादऱ्याने भोक मोठं होतं. एक तर आरपार बोल्ट घालून आतून पट्टी द्यायची, नाहीतर खाली काँक्रीटचा ओटा करून त्यावर उभा करायचा. मी ओटा केला. पावडर कोटिंगचा साधा लोखंडी स्टँड दोन-तीन पावसाळ्यांत वेल्डिंगच्या जागी फुलतो. गॅल्व्हनाइज्ड घ्या, कापलेल्या टोकांना झिंक प्रायमर लावा, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे.

बसवणारा आला की पहिला प्रश्न: ‘भाऊ, व्हॅक्यूम पंप आणलात का?’ पाइपातली हवा आणि ओल ओढून काढणारा हा पंप नसेल तर काम सुरू करू देऊ नये. यंत्रातला थोडा गॅस सोडून पाइपातली हवा ‘उडवायची’ ही जुनी पद्धत दमट हवेत सगळ्यात घातक. आर-३२ गॅसच्या यंत्रातलं तेल ओलावा झटकन शोषतं, त्याचं आम्ल बनतं आणि ते कॉम्प्रेसरचं वाइंडिंग खातं. हे दोन वर्षांनी कळतं, तेव्हा बसवणारा सापडत नाही. पंप किमान वीस मिनिटं, मायक्रॉन गेज (पाइपात उरलेला दाब मोजणारं मीटर) असेल तर ५०० च्या खाली, मग पंप बंद करून दहा मिनिटं काटा हलत नाही ना ते बघायचं. खोक्यात साधारण तीन मीटर पाइप येतो. जास्तीचा तांब्याचाच आणि जाडी विचारून घ्या. दोन्ही पाइपांवर वेगवेगळं नायट्राइल फोम हवं, तेही १३ मिलिमीटरचं. ९ मिलिमीटरच्या फोमला इथे घाम सुटतो आणि भिंतीवर ओघळ येतात. भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला उतार देऊन, आत पीव्हीसीची बाही घालून, बाहेरून सिमेंटने बंद. उघडं ठेवलं तर उंदीर आणि मुंग्या तिथूनच येतात. ड्रेनला, म्हणजे पाणी बाहेर नेणाऱ्या नळीला, सलग उतार हवा, मध्ये पोट पडता कामा नये. दीड टनाचं यंत्र आपल्या हवेत तासाला दीड-दोन लिटर पाणी सहज काढतं. ते झाडांना घाला; वीज गेल्यावर चालणाऱ्या घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत नको, त्यात कॉइलवरची धूळ आणि धातू उतरलेले असतात.

चालू करून बघताना एक गैरसमज हमखास आडवा येतो. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत बारा-चौदा अंशांचा फरक पडायला हवा असं पुस्तकी माप आहे. खूप दमट दिवशी यंत्राचा जोर पाणी काढण्यात जातो आणि फरक आठ-दहाच दिसतो. ड्रेनमधून भरपूर पाणी येत असेल तर यंत्र ठीक आहे. तेवढ्यावरून ‘गॅस कमी आहे, भरून देतो’ म्हणणाऱ्याला थांबवा. गॅस वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती नायट्रोजन भरून, साबणाच्या फेसाने शोधून बंद केल्याशिवाय गॅस भरणं म्हणजे पैसे वाऱ्यावर सोडणं.

जानेवारी २०२० पासून नवे एसी २४ अंशांवरच सुरू होतात. मी २६ वर ठेवून मंद पंखा लावतो. आर्द्रता उतरली की २६ पुरे होतात. जून-ऑक्टोबरमधल्या ओल्या, फारशा न तापलेल्या दिवसांसाठी रिमोटवरचं ‘ड्राय’ हे बटण आहे, आणि कोकणात ते ‘कूल’पेक्षा जास्त उपयोगाचं आहे. बंद करण्याआधी अर्धा तास नुसता पंखा चालवला की आतली कॉइल सुकते आणि आंबूस वास येत नाही.

देखभाल थोडी, पण चुकवायची नाही. जाळी पंधरा दिवसांनी. बाहेरचं यंत्र महिन्यातून एकदा, वीज बंद करून, विहिरीच्या किंवा नळाच्या गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवायचं. प्रेशर पंपाने पत्रे दुमडतात. पावसाळ्यात अनेक जण अख्खं यंत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळतात. आत ओल कोंडते आणि गंज जास्त वेगाने चढतो. फक्त वरचा माथा झाका, बाजू मोकळ्या ठेवा. बंद घरात कोणी शेजारी येणारं असेल तर पंधरवड्याला अर्धा तास चालवायला सांगा, एरवी रिमोटचे सेल काढून ठेवा. वळवाच्या विजांआधी प्लग काढायचा, नुसता एमसीबी पाडून भागत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. अशा वेळी वीज परत आल्यावर वोल्टेज स्थिर व्हायला काही तास जाऊ द्या, मीटरने बघा, मगच एसीचा प्लग लावा.

बिलावर आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही यंत्रांचे अनुक्रमांक लिहून घ्या आणि बसवलेल्या दिवशीच वॉरंटी नोंदवा. तक्रारीला कोणी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. फोन करताना हे दोन क्रमांक आणि तक्रारीची तारीख हाताशी असू द्या.