लेव्हलवर कोरलेलं गाव : यॉर्कच्या दोन खेपा

कालव्याच्या कामावर असताना माझा दिवस एका लाकडी पेटीनं सुरू व्हायचा. खलाशी, म्हणजे सर्व्हेच्या कामातला आमचा मदतनीस, ती तंबूतून आणायचा, तिवई रोवून लेव्हल, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, चढवायचा. यंत्राखालचे फूटस्क्रू फिरवून नळीतला बबल मध्यावर आणायला मी वाकलो की डोळ्यांसमोर कोरलेली अक्षरं यायची : कुक, ट्रॉटन अँड सिम्स, यॉर्क, इंग्लंड. डिप्लोमाला असताना ‘कुक्स रिव्हर्सिबल लेव्हल’वर टीप लिहून मार्कही मिळवले होते. दुर्बीण खोबणीतून काढून उलटी बसवता येते, स्वतःभोवती फिरवताही येते, त्यामुळे यंत्रातली चूक तपासून दुरुस्त करणं सोपं जातं, एवढं पाठ होतं. पण हा कुक कोण, हे कुठल्या सरांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आता निवृत्त आहे. मुलगी लीड्सला असते. यंदा तिच्याकडे गेल्यावर नकाशा पाहिला, तर यॉर्क रेल्वेनं अर्ध्या तासावर. मग राहवेना. सौ. म्हणाली, “अहो, तिथलं मोठं चर्च बघायचंच आहे, चला.” ते यॉर्क मिन्स्टर आम्ही पाहिलं, सुंदरच आहे, पण त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहितो आहे ते ज्यांच्या हातून कधी तरी लेव्हल किंवा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, गेलं आहे, त्यांच्यासाठी.

निघण्याआधी एक काळजी घ्या. इंटरनेटवर ‘थॉमस कुक’ शोधलं की सहली काढणारे कुकसाहेब समोर येतात. ते वेगळे. आपल्या कुकच्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी ‘ई’ आहे. नावाबरोबर ‘यॉर्क’ आणि ‘दुर्बीण’ हे शब्द इंग्रजीत टाकलेत की बरोबर माणूस सापडतो.

हे थॉमस कुक १८०७ साली यॉर्कशरमधल्या ऑलरथॉर्प या खेड्यात जन्मले. वडील चांभार. शाळा जेमतेम दोन वर्षं झाली आणि मुलगा वडिलांच्या हाताखाली बसला. कॅप्टन कुकच्या सफरींनी भारावून त्याला खलाशी व्हायचं होतं. आपल्या रानातला खलाशी नव्हे, खरोखरचा दर्यावर्दी. त्यासाठी लागणारं नौकानयनाचं गणित तो एकटा शिकला. आईनं समुद्रावर जाऊ दिलं नाही, पण शिकलेलं गणित वाया गेलं नाही. त्यावर तो गावात मुलांना शिकवू लागला, आणि १८२९ मध्ये यॉर्कला येऊन शाळामास्तर झाला. फावल्या वेळात काच घासणं चाले. पहिलं भिंग त्यानं काचेच्या पेल्याच्या बुडापासून घासून काढलं, असं सांगतात.

यॉर्कच्या एका बागेत छोटी जुनी वेधशाळा आहे, आणि तिच्यात कुकनं केलेली दुर्बीण आहे. पहिल्या खेपेला आम्ही ती बघायची म्हणून गेलो आणि दार बंद निघालं. चूक माझीच, मी चौकशी न करता निघालो होतो. ही वेधशाळा स्वयंसेवक चालवतात, त्यामुळे ती आठवड्यातले मोजके दिवस आणि तेही काही तासच उघडी असते. यॉर्कशर म्युझियमच्या संकेतस्थळावर वेळा पाहून मगच रेल्वेचं तिकीट काढा. म्युझियमला तिकीट आहे, पण ज्या बागेत वेधशाळा उभी आहे ती म्युझियम गार्डन्स सगळ्यांना मोकळी आहे.

मग तो दिवस आम्ही गल्ल्यांमध्ये घालवला, आणि ते बरंच झालं. स्टोनगेट हा जुना, फरसबंद, दिवसा गाड्या नसलेला रस्ता आहे. तिथल्या ५० क्रमांकाच्या जागी १८३७ मध्ये कुकनं पहिलं दुकान थाटलं, बायकोच्या काकांकडून १०० पौंड उसने घेऊन. दुकानाचे क्रमांक बघत सावकाश चालायला लागतं, कारण रस्ता अरुंद आणि गर्दी पुष्कळ. सकाळी दहाच्या आत गेलात तर निवांत पाहता येतं. ३३ क्रमांकावर भिंतीला टेकून बसवलेला लाल रंगाचा छोटा सैतान दिसेल, ती छापखान्याची जुनी खूण. तिथून पुढे क्रमांक मोजले की चुकणार नाही. फरशी पावसात निसरडी होते, गुडघे दुखणाऱ्यांनी चांगल्या पकडीचे बूट घालावेत. मी घातले नव्हते, संध्याकाळी जाणवलं.

धंदा वाढल्यावर कुक जवळच्याच कोनी स्ट्रीटवर मोठ्या जागेत गेला, आणि १८५५ मध्ये नदीपलीकडे बिशपहिल भागात त्यानं बकिंगहॅम वर्क्स हा कारखाना बांधला. दुर्बिणी करण्यासाठीच उभारलेला असा कारखाना तेव्हा दुर्मीळ होता. त्या भागात आता शांत निवासी गल्ल्या आहेत. कारखान्याच्या आशेनं जाऊ नका, पण नदीवरचा पूल ओलांडून तिथवर चालत जाण्यात अंतराचा अंदाज येतो : दुकानापासून कारखान्यापर्यंत फार तर वीस मिनिटं. या एवढ्याशा पट्ट्यात एका माणसानं लेन्सपासून टॉवरच्या घड्याळांपर्यंत सगळं केलं. १८६६ च्या सुमारास पंधरा माणसं बसतील अशी तीन चाकी वाफेची गाडीही केली. पण १८६५ च्या कायद्यानं अशा गाडीपुढे लाल निशाण घेऊन माणूस चालवणं सक्तीचं केलं होतं, आणि वेगही गावात ताशी दोन मैल ठरवला होता. त्यामुळे ती गाडी तशीच राहिली.

कारखान्याचं सर्वांत मोठं काम मात्र यॉर्कमध्ये बघायला मिळत नाही. १८६२ च्या लंडनच्या प्रदर्शनात बर्मिंगहॅमच्या चान्स ब्रदर्सनी काचेच्या दोन प्रचंड चकत्या मांडल्या होत्या. गेट्सहेडचे केबल बनवणारे कारखानदार रॉबर्ट स्टर्लिंग न्यूऑल यांनी त्या विकत घेतल्या आणि कुककडे २५ इंची दुर्बीण करायला दिली. त्या काळी जगात एवढी मोठी भिंगाची दुर्बीण कुठेच नव्हती. हे काम कुकला पुरतं खाऊन गेलं, आणि दुर्बीण पुरी होण्याआधी, १८६८ मध्ये तो वारला. मुलांनी ती पूर्ण केली. पुढे ती केंब्रिजला गेली, तिथून ग्रीसला, आणि आज अथेन्सजवळ पेंटेलीच्या टेकडीवर उभी आहे. ग्रीसला जाणाऱ्यांनी ती चुकवू नये, तिथे लोकांसाठी खास रात्री ठेवतात.

दुसऱ्या खेपेला वेळ पाहून गेलो. स्टेशनवरून लेंडल ब्रिज ओलांडला की डावीकडे बाग, चालत दहा मिनिटं. सेंट मेरीज अ‍ॅबीच्या पडक्या कमानी ओळखीची खूण म्हणून धरा. हिरवळीवर अष्टकोनी, छोटीशी दगडी इमारत दिसते, वर टोपीसारखं छप्पर. मी मनात मोठा घुमट धरून गेलो होतो, त्यामुळे आधी ती डोळ्यांखालून निसटलीच. १८३१ मध्ये ब्रिटिश असोसिएशन या वैज्ञानिकांच्या संस्थेची पहिली बैठक यॉर्कला भरली. त्या उत्साहात १८३२-३३ मध्ये ही वेधशाळा बांधली गेली. छप्पर फिरतं आहे आणि त्याची रचना एडिस्टन दीपगृह बांधणाऱ्या जॉन स्मीटनची.

आत एका वेळी मोजकीच माणसं मावतात, तेव्हा थांबायची तयारी ठेवा. मधोमध कुकनं १८५० मध्ये केलेली दुर्बीण. भिंग चार इंचांचं. चार इंच म्हणजे किती, तर पसरलेल्या तळहाताएवढं. पण त्या चार इंचांत दोन वेगळ्या जातींच्या काचा एकमेकींना जोडून बसवाव्या लागतात, क्राउन आणि फ्लिंट, म्हणजे ताऱ्याभोवती रंगांची किनार दिसत नाही. चारही पृष्ठभाग घासताना कारागिराच्या बोटांची ऊब लागली तरी काच तेवढ्यापुरती फुगते आणि माप चुकतं. म्हणून थोडं घासायचं, थांबायचं, थंड होऊ द्यायचं, तपासायचं आणि पुन्हा घासायचं. माझ्या लेव्हलच्या दुर्बिणीत उभ्या-आडव्या रेषा कोळ्याच्या तंतूच्या होत्या. एकदा तंतू तुटला, तेव्हा आमच्या जुन्या सर्व्हेअरनं कोपऱ्यातल्या जाळ्यातून नवा काढून श्वास रोखून लाखेनं चिकटवला होता. त्या दिवशी मला हे काम काय आहे ते कळलं, आणि यॉर्कला त्या नळीसमोर उभं राहिल्यावर पुन्हा आठवलं.

भिंतीशी एक घड्याळ आहे, १८११ चं. ग्रिनिचच्या वेळेपेक्षा ते ४ मिनिटं २० सेकंद मागं चालतं, आणि ते बिघडलेलं नाही. यॉर्क ग्रिनिचच्या सुमारे एक अंश पश्चिमेला आहे, एका अंशाला चार मिनिटं, हिशेब बरोबर जुळतो. रेल्वेची एकच वेळ सगळीकडे लागण्याआधी ही इथली खरी वेळ, आणि सहा पेन्स देऊन लोक आपलं घड्याळ याच्याशी जुळवून नेत. माझे आजोबा ‘मुंबई टाइम’ म्हणायचे. तो आपल्या आजच्या वेळेच्या ३९ मिनिटं मागं असे. हे घड्याळ पाहताना तो शब्द कानात वाजला. आत गेलात की आधी मोबाइलवरची वेळ बघा आणि मग घड्याळाकडे पाहा, फरक स्वतः मोजा.

ज्यांना इतकं लांब जाणं शक्य नाही, त्यांच्यासाठी कोडाईकनाल आहे. तिथल्या सौर वेधशाळेत १९०४ पासून सूर्याची छायाचित्रं घेतली गेली, आणि तिथल्या यंत्रात कुकच्या कंपनीचं ३० सेंटिमीटरचं भिंग आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधली, म्हणजे आजच्या सीओईपीमधली, कावसजी नायगमवाला यांची वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली, तेव्हा डब्लिनच्या ग्रबनं केलेली तिची २० इंची दुर्बीणही तिकडेच गेली. एकाच फेरीत दोन्ही कारागिरांची नावं भेटतात.

निघण्याआधी मी तिथल्या वयस्कर स्वयंसेवकाला मोबाइलमधला फोटो दाखवला : आमच्या लेव्हलचा, नाव वाचता येईल असा जवळून घेतलेला. हे तुम्हीही करा. कॉलेजच्या सर्व्हे लॅबमध्ये किंवा खात्याच्या गुदामात असं यंत्र असेल तर नावाचा नीट फोटो घेऊन जा. त्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा करून अक्षरं बोटानं वाचली, आणि बाहेरच्या सहकाऱ्याला हाक मारली. दोघं बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी विचारलं, यानं तुम्ही काय मोजलंत?

“कालव्याचा उतार,” मी म्हणालो. “किलोमीटरला वीस सेंटिमीटर.”