सभा नाही, भोंगा नाही, नुसती यादी

लंडन, स्लाउ किंवा हॅरोमध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसाला सांगा की इथल्या निवडणुकीत तुला मत आहे. उत्तर ठरलेलं असतं: 'अहो, माझा पासपोर्ट भारताचा आहे!' असू दे. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे ब्रिटनमध्ये रीतसर व्हिसावर राहणारा भारतीय नागरिक कौन्सिलपासून (म्हणजे इथल्या पालिकेपासून) संसदेपर्यंत मत देऊ शकतो. स्टुडंट, वर्क, डिपेंडंट, सगळे व्हिसा चालतात. वास्तव्य मात्र इथलं हवं, म्हणजे नातवंडं बघायला काही महिने आलेल्या आई-बाबांचं नाव यादीत घालायचं नाही. मत दिल्याने व्हिसा धोक्यात येत नाही आणि भारतीय नागरिकत्वही जात नाही. तिकडे भारतात अनिवासी म्हणून फॉर्म ६ए भरला तरी मतासाठी विमानाने गावी जावं लागतं. इथे केंद्र बहुधा चालत जाण्याच्या अंतरावर असतं, तरी आपल्यातले कितीतरी जण वर्षानुवर्षं यादीबाहेर राहतात.

नोंदणी सरकारी वेबसाइटवर पाच मिनिटांत होते. नॅशनल इन्शुरन्स नंबर (कर आणि सरकारी विम्यासाठीचा आपला क्रमांक) हाताशी ठेवावा. तो अजून आला नसेल तरी अर्ज करता येतो, मग कौन्सिल ओळखीची कागदपत्रं मागवते. शेवटची मुदत मतदानाच्या १२ कामकाजाचे दिवस आधी. मोजताना शनिवार-रविवार आणि बँक हॉलिडे वगळायचे, आणि घोळ इथेच होतो. ७ मे २०२६ हा लंडनच्या कौन्सिलांचा मतदानाचा दिवस घ्या: मध्ये ४ मेची सुट्टी येते, त्यामुळे मुदत २० एप्रिलच्या मध्यरात्री संपते. टपाली मताचा अर्ज त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत. ज्यांना राजकारणात काडीचा रस नाही त्यांच्यासाठी एक आमिष: मतदारयादीत नाव असलं की मोबाइलचं कंत्राट, क्रेडिट कार्ड, पुढे घरकर्ज सोपं जातं, कारण क्रेडिट तपासणाऱ्या कंपन्या पत्ता याच यादीवरून ताडून पाहतात.

आता पक्षाच्या शाखेकडे येऊ. प्रत्येक वॉर्डात किंवा दोन-तीन वॉर्ड मिळून एक शाखा. महिन्यातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये नाहीतर पबच्या मागच्या खोलीत बैठक. सभासद बरेच असतात, पण पावसात पत्रकं वाटायला येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हे दृश्य आपल्याकडच्या कुठल्याही शाखेत बसलेल्या माणसाला ओळखीचं वाटेल. फरक पैशात आहे. दारोदार प्रचारासाठी माणसं पगारावर ठेवणं इथे बेकायदा आहे, म्हणजे रोजंदारीवर झेंडे धरायला पोरं आणण्याचा प्रश्नच मिटला. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे: काहीशे पौंडांची मूळ रक्कम आणि त्यावर वॉर्डातल्या दर मतदारामागे काही पेन्स. एकाच पक्षाचे तीन उमेदवार एकत्र लढले तर प्रत्येकाची मर्यादा एक तृतीयांशाने कमी होते. उमेदवाराला ५० पौंडांहून जास्त देणगी द्यायची तर देणारी व्यक्ती ब्रिटनच्या मतदारयादीत हवी. पुण्याच्या मामांनी पाठवलेले पैसे परत करावे लागतात. मतासाठी खाऊ-पिऊ घालणं हाही गुन्हा आहे. कार्यकर्त्यांना चहा-समोसा चालतो, मतदारांना बोलावून वडापावची पार्टी नाही. कौन्सिलच्या उमेदवारीला अनामत रक्कम नाही, सूचक आणि अनुमोदक मिळून दोन सह्या पुरतात. संसदेसाठी मात्र १० सह्या आणि ५०० पौंड लागतात, आणि मतं ५ टक्क्यांच्या वर गेली नाहीत तर ते पौंड गेले.

सभा जवळजवळ नाहीत, भोंगा लावलेल्या रिक्षा नाहीत. सगळं काम दारावर चालतं आणि त्याचा जीव यादीत असतो. कौन्सिल पक्षांना पूर्ण मतदारयादी देते, त्यात प्रत्येकाला एक क्रमांक: केंद्राची अक्षरं आणि पुढे आकडा. शाखा त्यावरून गल्लीवार कागद काढते किंवा पक्षाच्या अ‍ॅपवर गल्ली उघडते. पाच-सहा जणांचा गट निघतो. एकजण फळीला कागद लावून फुटपाथवर थांबतो, त्याला बोर्ड-रनर म्हणतात. तो इतरांना घर नंबर आणि नावं सांगतो, ते दार वाजवून येतात आणि उत्तर त्याला कळवतात. बोर्ड-रनर चांगला असेल तर दोन तासांत शंभर-दीडशे दारं होतात. तो गप्पिष्ट असेल तर सगळे कोपऱ्यावर उभे. पावसाळी दिवशी फळीवर प्लास्टिक आणि हातात पेन्सिल, कारण ओल्या कागदावर पेनाची शाई पसरते. वेळ शनिवारी-रविवारी साडेदहा-अकराच्या पुढे, इतर दिवशी संध्याकाळी ६ ते ८. अंधार पडल्यावर दार वाजवलं की म्हातारी माणसं दचकतात आणि मत कायमचं जातं. फुटबॉलचा मोठा सामना चालू असेल तर घरीच बसावं.

बेल दाबायची, शिवाय दारही वाजवायचं (निम्म्या बेला बंद असतात), आणि दोन पावलं मागे सरायचं. आपण कोण, कुठल्या पक्षाकडून, हे पहिल्या वाक्यात. मग परिसरातला एखादा प्रश्न: कचऱ्याच्या पेट्या, पार्किंगचे परवाने, फुटपाथवर टाकलेल्या गाद्या. कौन्सिलची निवडणूक याच गोष्टींवर फिरते. त्यानंतर कुणाला मत देणार, टपालाने की केंद्रावर. बस्स. नवा कार्यकर्ता इथे वाद घालत बसतो, आणि विरोधी पक्षाचा माणूस त्याला मुद्दाम अर्धा तास अडकवून ठेवतो. उत्तर काहीही असो, ते एका अक्षरात नोंदवलं जातं: आपला, कुंपणावरचा, दुसऱ्या पक्षाचा, मत न देणारा, घर सोडून गेलेला, घरी नसलेला. कुणाचं राजकीय मत काय, ही माहिती कायद्याने विशेष संवेदनशील मानली जाते, म्हणून ते कागद गाडीत पडू द्यायचे नाहीत, परत द्यायचे किंवा फाडून टाकायचे.

भारतीय घरांत दोन हमखास चुका होतात. पहिली, आपली सभ्यता. दारावर आलेल्याला नाही म्हणायचं नाही, म्हणून 'हो हो, तुम्हालाच' हे प्रत्येक पक्षाला ऐकवलं जातं. इंग्रज कार्यकर्ता खूश होऊन 'आपला' लिहितो. जाणता माणूस एक प्रश्न आणखी विचारतो, मागच्या वेळी कुणाला दिलं होतं, आणि उत्तर अडखळलं तर कुंपणावर टाकतो. दुसरी चूक, दार उघडणाऱ्या काकांनी घरातल्या चौघांच्या वतीने उत्तर दिलं की चारही नावांपुढे तेच अक्षर. काकूंचं आणि विद्यापीठात जाणाऱ्या मुलीचं मत वेगळं असू शकतं. जो बोलला त्याचीच नोंद करायची. आणि दारावर मराठी, गुजराती किंवा हिंदीत दोन वाक्यं बोलणारा कार्यकर्ता शाखेला सोन्याचा वाटतो हे खरं, पण आडनाव बघून भाषा ठरवू नये. यादीतली निम्मी 'पटेल' मंडळी नैरोबी-कंपालाहून आलेल्या कुटुंबातली निघतात आणि लंडनच्या इंग्रजीतच उत्तर देतात.

एवढा आटापिटा का, याला मुंबईकरांच्या ओळखीचा दाखला आहे. १८९२ साली एल्फिन्स्टन कॉलेजचे माजी प्राध्यापक दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून संसदेवर निवडून आले, ते अवघ्या ५ मतांनी. वॉर्डाच्या निवडणुकीत तर बरोबरीही होते आणि निकाल चिठ्ठी टाकून लागतो.

पत्रकांबद्दल थोडक्यात. प्रत्येकावर छापणारा आणि प्रसिद्ध करणारा यांचं नाव-पत्ता हवा. ते नसलेला गठ्ठा वाटायचा नाही. पत्रक दाराच्या फटीतून पूर्ण आत ढकलायचं, कारण अर्धं बाहेर लोंबणारं पत्रक चोराला 'घर रिकामं आहे' असं सांगतं. बोटं मात्र आत घालायची नाहीत, पलीकडे कुत्रा असतो. जुने कार्यकर्ते लाकडी उलथनं बाळगतात, त्याने पत्रक आत सरकवतात.

टपाली मतपत्रिका मतदानाच्या साधारण दोन आठवडे आधी घरी येतात, म्हणून खरी निवडणूक तेव्हाच सुरू होते आणि टपाली मतदारांकडे आधी जायचं असतं. मतपत्रिकेसोबतच्या कागदावर जन्मतारीख आणि सही लागते. अर्जावरच्या सहीशी ती जुळली नाही तर मत बाद. आजींनी अर्जावर देवनागरीत सही केली असेल तर इथेही देवनागरीतच. आजची तारीख जन्मतारखेच्या जागी लिहिणं ही सर्वांत मोठी चूक. कार्यकर्त्याने शेजाऱ्याचं भरलेलं पाकीट 'मी टाकतो पेटीत' म्हणून हातात घ्यायचं नाही. २०२४ पासून घरच्यांखेरीज इतरांची पाकिटं हाताळणं हा कार्यकर्त्यासाठी गुन्हा आहे. मदतीच्या भरात आपले लोक नेमके इथेच फसतात.

केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं, हा इंग्लंडमधला नियम मे २०२३ पासून. भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेला असला तरी फोटो तुमच्यासारखा दिसत असेल तर चालतो. फोनवरचा ई-व्हिसा किंवा पासपोर्टचा फोटो चालत नाही. खरी अडचण नावाची. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे, यादीत ते गायब. किंवा यादीत सासरचं आडनाव आणि पासपोर्टवर माहेरचं. किरकोळ फरक चालवून घेतात, आडनावच वेगळं असेल तर विवाहाचा दाखला सोबत न्यावा. त्यापेक्षा नोंदणी करतानाच पासपोर्टवरचं नाव अक्षरशः उतरवावं.

मतपत्रिका कागदाची, केबिनमध्ये पेन्सिल, बोटाला शाई नाही. तीन जागांचा वॉर्ड असेल तर तीनपर्यंत फुल्या, चौथी मारली की सगळी मतपत्रिका बाद. पुणे महापालिकेसारख्या अ, ब, क, ड अशा वेगवेगळ्या जागा नसतात, सगळी नावं एकाच कागदावर आडनावाच्या इंग्रजी क्रमाने. आपटे वर, वाघ तळाला. लोक वरून फुल्या मारत येतात, तेव्हा तळाच्या उमेदवाराचं पूर्ण नाव पत्रकात ठसठशीत छापावं.

मतदान बहुधा गुरुवारी, सकाळी ७ ते रात्री १०. आदल्या ४८ तासांची प्रचारबंदी इथे नाही, उलट पहाटे पाचला 'आज मतदान' अशी पत्रकं आपल्या समर्थकांच्या दारात पडतात. केंद्राबाहेर पक्षाचा रिबिनीचा बिल्ला लावलेले टेलर (कोण मत देऊन गेलं याची नोंद ठेवणारे कार्यकर्ते) बसतात आणि मतदाराला फक्त त्याचा क्रमांक विचारतात. मत कुणाला दिलं हे विचारायचं नाही, आणि क्रमांक सांगायची मतदारावर सक्ती नाही. समोरासमोरच्या पक्षांचे टेलर एकमेकांना बिस्किटं देतात, चुकलेले क्रमांकही सांगतात. ते आकडे तासा-तासाने कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत पोचतात, तिथे 'आपला' लिहिलेल्या नावांतून मत देऊन आलेली नावं खोडली जातात आणि उरलेल्यांची दारं पुन्हा वाजतात: दुपारी, पाचनंतर, आणि शेवटची फेरी नऊपर्यंत. ही पद्धत १९४५ मध्ये लेबर पक्षाच्या इयन मिकार्डो यांनी रेडिंग शहरात बसवली आणि आजही लेबरवाले त्या कागदांना त्यांच्याच नावाने ओळखतात. रात्री १० ला रांगेत उभा असलेला मतदार मत देऊ शकतो, म्हणून पावणेदहालाही 'आता काय उपयोग' म्हणणाऱ्याला चपला घालायला लावतात.

दुसऱ्या दिवशी जिंकलेले झोपतात, उमेदवाराचा निवडणूक एजंट मात्र पावत्या शोधतो. खर्चाचा हिशेब निकालानंतर ३५ दिवसांत द्यायचा असतो आणि २० पौंडांपासून पुढच्या प्रत्येक खर्चाला बिल लागतं. त्यानंतर शाखा कौन्सिलकडे पैसे भरून खुणा केलेली यादी मागवते. कुणी कुणाला मत दिलं हे तीत नसतं, कोण आलं आणि कोण नाही एवढंच असतं. दारावर 'हो हो, तुम्हालाच' म्हणून घरी बसलेले काका त्यात सापडतात, आणि पुढच्या वेळी त्यांच्या नावापुढचं अक्षर बदलतं.