तुम्ही विचारलंत म्हणून: दुकानावर कंपनीचा बोर्ड का नाही?

अमळनेरला माझं रिचार्जचं छोटं दुकान आहे. आजूबाजूच्या प्रत्येक मोबाईलच्या दुकानावर कुठल्या ना कुठल्या कंपनीचा झगमगता बोर्ड दिसतो, माझ्याकडे पेंटरने रंगवलेलं नाव तेवढं. "भाऊ, बोर्ड फुकट मिळतो, भिंतीला रंगही तेच मारून देतात, मग घेत का नाही?" असं गिऱ्हाईकंही विचारतात आणि शेजारचे दुकानदारही.

बोर्ड होता. दोन वर्षं होता. त्यावर खिडकीशी बसलेली एक म्हातारी, तिच्या मांडीवर गप्प पडलेला फोन, आणि आपल्या माणसांपासून तुटू नका, आजच रिचार्ज करा, अशा अर्थाची ओळ. त्याच्याखाली बसून मी रोज धंदा करायचो, पण मान वर करून तो कधी नीट पाहिला नव्हता.

2023 च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठवडा होता तेव्हा एक माय दुकानात आली. जुन्या झंपराच्या कापडाची शिवलेली पिशवी, तिच्यात बटणांचा फोन, मागचं झाकण रबराने आवळलेलं. लेक सुरतला, उधन्याला दिलेली. फोन काउंटरवर ठेवून तिने विचारलं, "मनी आंडेरना फोन बंद व्हई जाई का रे भाऊ?" म्हणजे, माझ्या लेकीचा फोन येणं बंद होईल का?

पाहिलं तर तिचा प्लॅन संपायला अजून चार दिवस होते. घाबरून तिने दुसरीकडे आणखी एक रिचार्जही मारून घेतलं होतं, तेही मागे रांगेत होतं. तिला फोन लावता येत नाही, फक्त उचलता येतो. वाजला की लेकच असणार, म्हणून ती धावत जाऊन उचलायची, आणि पलीकडून कंपनीचा रेकॉर्ड केलेला आवाज सांगायचा की तुमची सेवा बंद होणार आहे. लेकीच्या आवाजाची वाट पाहणाऱ्या कानात हे घातलं जात होतं. आणि माझ्या डोक्यावरचा बोर्ड तेच म्हणत होता. मी तो त्याच आठवड्यात उतरवला.

आमच्या खान्देशातल्या कितीतरी घरांचं अर्धं माणूस सुरतला असतं. आखाजीला लेकी माहेरी येतात, श्रावणात कानबाईच्या सणाला, रोटांना, सगळे भाऊबंद गोळा होतात, आणि मधले महिने फोनवर निघतात. हे नातं फोनच्या आधीपासूनचं आहे. सुरुवातीला लोक मिस्ड कॉलवर भागवायचे. एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे तू लाव. ती एक रिंग आली की घर निवांत जेवायला बसायचं. 2003 साली इनकमिंग फुकट झालं, त्याच सुमारास हच या तेव्हाच्या मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे फिरणारं ते पग कुत्रं आलं. तुम्ही जाल तिथे आमचं नेटवर्क येईल, एवढंच ते सांगायचं. त्यात सोबत होती. 2005 च्या अखेरीस 999 रुपयांत लाइफटाइम इनकमिंग आलं, तेव्हा तर म्हाताऱ्या माणसांनी एकदा पैसे भरून काळजीच सोडली. 2018 च्या शेवटी किमान रिचार्जची अट आली आणि ते लाइफटाइम संपलं. मग सोबतीची जागा धाकाने घेतली. 28 दिवसांच्या हिशोबाने वर्षाला 13 वेळा तो धाक म्हातारीच्या दारात येतो.

खरं काय ते मी प्रत्येकाला सांगतो. प्लॅन संपला म्हणून नंबर त्याच दिवशी जात नाही. आधी आउटगोइंग थांबतं. इनकमिंग त्यानंतरही काही दिवस चालतं, किती ते कंपनीगणिक वेगळं. शिवाय सलग 90 दिवस काहीच वापर नसल्याशिवाय नंबर काढून घेता येत नाही, असा ट्रायचा, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे. हे बोर्डावर कधीच नसतं, कारण हे कळलेला माणूस घाई करत नाही.

आणि ठरवलं तर कंपन्यांना जमतंही. 2020 च्या लॉकडाउनमध्ये सुरतहून माणसं धुळ्याच्या रस्त्याने पायी निघाली होती. तेव्हा ट्रायने सांगितल्यावर कंपन्यांनी गरीब ग्राहकांची व्हॅलिडिटी 17 एप्रिलपर्यंत वाढवली, काहींनी 10 रुपयांचा टॉकटाइमही दिला. माझ्या ओळखीच्या एका घराला पोरगा नवापूरपर्यंत आला हे त्यामुळेच कळलं. फोनचं मोल मला माहीत आहे, माझं पोट त्यावर आहे. म्हणूनच त्याच्या नावाने कुणाला घाबरवलेलं मला सहन होत नाही.

डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने नेट नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन ठेवणं बंधनकारक केलं, मुदत 365 दिवसांपर्यंत. पुढच्या महिन्यात ते आलेही. त्या मायसाठी आणि बटणांचा फोन वापरणाऱ्या प्रत्येकासाठी हेच हवं होतं. मी ते स्वतःहून सांगतो, कारण विचारायचं असतं हेच बहुतेकांना ठाऊक नसतं.

मागच्या आठवड्यात डिस्ट्रिब्युटरचा मुलगा नवा बोर्ड घेऊन आला होता. पोरगा चांगला आहे, त्याच्यावरही टार्गेट असतं. मी त्याला चहा पाजला आणि विचारलं, "त्या वर्षभराच्या कॉलिंग प्लॅनचं पोस्टर आहे का रे?"

त्याने गठ्ठा चाळला. नव्हतं.

"ते आलं की आण," म्हटलं, "दर्शनी भिंत रिकामीच ठेवली आहे."