कित्तूरच्या उत्सवाला जाताना: मशाल आणि मोडी कागद

ऑक्टोबर उजाडला की बेळगाव-खानापूरकडच्या गल्ल्यांतून कित्तूरला जायची बोलणी सुरू होतात. राणी चन्नम्मांनी १८२४ मध्ये इंग्रजांवर मिळवलेल्या विजयाचा हा उत्सव २३, २४, २५ असे तीन दिवस असतो. नुसते रात्रीचे कार्यक्रम बघायचे असतील तर फार तयारी लागत नाही. बेळगावहून धारवाडच्या दिशेने महामार्ग धरला की पन्नासेक किलोमीटरवर कित्तूर. पण आपल्या भागातल्या मराठी मंडळांकडे दोन गोष्टी अशा आहेत की रिकाम्या हाताने तिथे जाऊ नये. शिवजयंतीला गडावरून ज्योत धावत आणायची सवय ही पहिली, आणि जुन्या घरांतल्या ट्रंकांमधले मोडी कागद ही दुसरी. दोन्ही नीट कसं न्यायचं ते इथे लिहितो.

त्याआधी तारखेबद्दल, कारण ज्योत घेऊन धावणाऱ्या प्रत्येक पोराला ती माहीत हवी. सप्टेंबर १८२४ मध्ये कित्तूरचे देसाई शिवलिंगरुद्र सर्ज वारले. त्यांनी घेतलेला दत्तक धारवाडच्या कलेक्टरने, सेंट जॉन थॅकरेने, मान्य केला नाही आणि कित्तूरच्या खजिन्याला मोहरा लावून पहारे बसवले. डलहौसीने दत्तक नामंजूर करून साताऱ्याचं राज्य घेतलं ते १८४८ मध्ये. कित्तूरवर तीच वेळ चोवीस वर्षं आधी आली होती. २३ ऑक्टोबरला किल्ल्याचे दरवाजे आतून बंद झाले. थॅकरेने तोफा आणून निर्वाणीचा निरोप धाडला. दरवाजा उघडला, पण तो राणी चन्नम्मांच्या माणसांनी बाहेर तुटून पडण्यासाठी. थॅकरे जागीच पडला. ती गोळी अमटूर बाळप्पांची, असं सांगतात. कॅप्टन ब्लॅकसह आणखी अधिकारी मारले गेले, एलियट आणि स्टीव्हन्सन हे दोघे कैद झाले. डिसेंबरच्या सुरुवातीला कंपनीची मोठी फौज आली आणि किल्ला पडला, पण त्या लढाईत सोलापूरचा सब-कलेक्टर मन्रोही गेला. उत्सव २३ तारखेला सुरू होतो, कारण तो विजयाचा दिवस आहे.

काकतीला जन्मलेल्या चन्नम्मा कित्तूर पडल्यावर बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत होत्या. तिथेच १८२९ मध्ये त्या गेल्या. त्यांची समाधी बैलहोंगलमध्येच आहे, म्हणून ज्योत तिथून उचलावी. बैलहोंगल ते कित्तूर रस्त्याने तीसेक किलोमीटर. थोडी वाट वाकडी केली तर मलप्रभेकाठचं संगोळ्ळी, चन्नम्मांच्या बाजूने लढलेल्या रायण्णांचं गाव, तेही घेता येतं.

आता मशाल. दांड्याला फर्निचरवाले वापरतात तो एक इंची पातळ लोखंडी पाइप घ्यावा, तीन फूट लांब. वजन किलोच्या आत राहतं. पाण्याच्या नळाचा जाड पाइप घेतला तर दहा मिनिटांत मनगट भरून येतं, हात खाली येतो आणि ज्वाळा तोंडाकडे वळते. वरच्या टोकाचा रंग घासून काढावा. जस्त चढवलेला पाइप नको, तापल्यावर त्याचा धूर बाधतो. वरच्या नऊ इंचांत आरपार चार भोकं पाडून घ्यावीत आणि पहिली तार त्यांतून ओवावी. ही भोकं नसली की जळून हलका झालेला बोळा धावताना अख्खाच्या अख्खा निसटतो. खालच्या फूटभर भागाला सुतळी घट्ट गुंडाळावी, कारण लोखंडातून ऊब खाली उतरत राहते.

कापड शंभर टक्के सुती हवं. जुनं धोतर सगळ्यात चांगलं, नाहीतर मांजरपाट. खात्री नसेल तर एक धागा जाळून बघावा. राख झाली तर सुती, काळा टणक मणी झाला तर त्यात टेरिकॉट आहे. असं कापड वितळून पेटते थेंब गळतात आणि हाताला चिकटतात. तीन इंच रुंद पट्ट्या फाडून चार इंच जाडीचा बोळा होईपर्यंत गुंडाळाव्यात. गुंडाळी सैल राहिली तर पेटत्या चिंध्या उडतात, फारच आवळली तर तेल आत मुरत नाही आणि वरची साल जळून मशाल विझते. पट्टीला पट्टी अर्धी दाबत जावं म्हणजे ताण बरोबर येतो. वरून सेंट्रिंगवाल्यांची काळी बाइंडिंग तार दर दीड इंचाला एक फेरा. बोळ्याखाली दोन बोटं सोडून आठ इंची स्टीलची ताटली, मधोमध भोक पाडून, काठ वरच्या बाजूला ठेवून बसवावी. गळलेला थेंब ताटलीत पडतो, मनगटावर येत नाही. ही ताटली बरीच मंडळं टाळतात, आणि भाजलेले हात बहुतेक तिथेच दिसतात.

तेल करंजाचं. पेट्रोल, थिनर, स्पिरिट यांतलं काहीही मशालीच्या आसपास आणू नये, कारण तिथे द्रवाआधी वाफ पेटते आणि ती हवेत किती पसरली आहे ते दिसत नाही. करंज तेल मात्र लवकर पेट घेत नाही, म्हणून बोळ्याच्या शेंड्याला कापराच्या पाच-सहा वड्या चुरून दाबाव्यात. बोळा अर्धा तास तेलात बुडवून ठेवावा, मग बादलीवर टांगून थेंब पूर्ण थांबेपर्यंत निथळू द्यावा. घाई होते ती नेमकी इथे. निथळलेली मशाल वाऱ्यात वीस-पंचवीस मिनिटं चालते.

पेटत्या मशालीवर वरून तेल ओतायचं नाही, कधीच नाही. पहिली मंद झाली की तिच्यावर दुसरी पेटवायची. विझलेली थंड झाल्याशिवाय तेलात बुडवायची नाही. चार मशाली आलटून पालटून पुरतात. धावत तीस किलोमीटरला पाच तास धरले तर बारा-तेरा वेळा मशाल बदलते. दर वेळी चारशे मिली धरलं तर पाच-सव्वापाच लिटर तेल लागतं. सात लिटर घ्यावं. शेवटच्या टप्प्यात तेल संपणं हा हमखास होणारा प्रकार आहे, कारण गाव जवळ आलं की फोटोंसाठी थांबणं वाढतं.

समाधीवर पेटवलेली मूळ ज्योत कंदिलात घेऊन ती एका गाडीत ठेवावी. तेलाचा डबा दुसऱ्या गाडीत. हा कंदील फार महत्त्वाचा. कित्तूरचे दिवस म्हणजे चित्राचा शेवट आणि स्वातीची सुरुवात. परतीची सर केव्हा गाठेल सांगता येत नाही. मशाल विझली तर कंदिलावरून पुन्हा पेटवायची, ज्योत तीच. हे निघण्याआधीच सगळ्यांना सांगून ठेवावं, नाहीतर भर रस्त्यात "ज्योत खंडली" म्हणून वाद पेटतो आणि पोरांचा हिरमोड होतो.

पंधरा धावणारे पुरेत. प्रत्येकाने पाचशे मीटर धरले तर साठ पाळ्या होतात, म्हणजे माणशी चार. मशाल देताना देणाऱ्याने हात वर ठेवायचा, घेणाऱ्याने खालून धरायचं आणि "धरली" म्हटल्याशिवाय वरचा हात सोडायचा नाही. वारा समोरून असेल तर मशाल शरीरापासून लांब धरावी. अनवाणी धावायची श्रद्धा असेल तर शेवटचा अर्धा किलोमीटर तशी पाळी ठेवावी. पहाटे साडेचारला निघालं तर साडेनऊ-दहापर्यंत कित्तूर येतं. दिवस उजाडेपर्यंतचे पावणेदोन तास अंधाराचे असतात, म्हणून प्रत्येकाच्या अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट आणि मागच्या गाडीचे दिवे चालू हवेत. पोलिसांना आणि तहसीलदार कचेरीला मार्ग, वेळ आणि माणसांची संख्या लेखी कळवावी, मंजुरीची प्रत जवळ ठेवावी. उत्सवाची शासकीय ज्योत आणि तिची मिरवणूक वेगळी असते. आपण तिच्यामागून जायचं आणि आपली ज्योत कुठे ठेवायची हे आधी विचारून घ्यायचं.

मिरवणुकीत डोळ्ळु कुणिता, करडी मजलु आणि जग्गलिगे हे कानडी लोकवाद्यांचे प्रकार असतात. बैलगाडीच्या चाकाएवढा, कातडं ताणलेला तो जग्गलिगे वाजत असताना आपल्या झांज पथकाने ठेका धरायची घाई करू नये. त्यांचा ताल पूर्ण ऐकला की लेझमीला जागा आपोआप सापडते.

मशाल विझवायला वाळूची बादली किंवा ओलं गोणपाट. गरम तेलकट बोळ्यावर पाणी मारलं की तेल उडतं. किल्ल्यात मशाल न्यायची नाही. तिथलं वस्तुसंग्रहालय आणि वाड्याची जोती बघायला दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जावं, गर्दीच्या वेळी काही दिसत नाही. पडक्या वाड्याच्या भिंतीत ध्रुवतारा पाहायची नळी आहे, तिच्याशी मुलांना थांबवून एक गोष्ट करून घ्या. उत्तरेकडे तोंड करून हात सरळ पुढे करा, मूठ वळा. क्षितिजावर एक मूठ आणि तिच्यावर अर्धी, तेवढ्या उंचीवर ध्रुव. एक मूठ साधारण दहा अंशांची, आणि कित्तूरचं अक्षांश साडेपंधरा अंशांच्या जवळपास. जितकं अक्षांश, तितकाच ध्रुव वर. भिंत बांधणाऱ्याला हे माहीत होतं.

आता कागद. पेशवाईत आणि कंपनीच्या सुरुवातीच्या वर्षांत बेळगाव-धारवाड भागाचा सरकारी कारभार मोठ्या प्रमाणात मराठीत, मोडी लिपीत चालत असे. म्हणून या गावांतल्या देसाई, देशपांडे, कुलकर्णी घरांमध्ये सनदा, कौल, कबुलायती अजून निघतात. १८५२ च्या कायद्यानंतर, इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनपुढे हक्क सिद्ध करायला लोकांनी जुने कागद जिवापाड जपले, हेही एक कारण. मंडळाने उत्सवात प्रदर्शनासाठी जागा मागावी. नाही मिळाली तर आपल्या गावच्या शाळेत मांडावेत.

मूळ कागद घराबाहेर काढायचा नाही, मांडायचा तो फोटो. खिडकीच्या सावलीतल्या उजेडात, फ्लॅश बंद करून, फोन कागदाला अगदी समांतर धरून फोटो घ्यावा. पाठीमागची बाजूही घ्यावी, कारण बंदाच्या, म्हणजे एकाला एक चिकटवलेल्या कागदांच्या, जोडावरचा शिक्का आणि पोच मिळाल्याची नोंद बऱ्याचदा पाठीवरच असते. काजळाची शाई पाण्याने पसरते, म्हणून ओल्या फडक्याने पुसायचं नाही. सेलोटेप नको आणि लॅमिनेशन तर मुळीच नको, उष्णतेने चिकटलेलं ते प्लॅस्टिक पुन्हा सुटत नाही.

सगळ्यात जास्त घोळ तारखेत होतो. कागदावर अरबी आकडे शब्दांत असतात. "खमस अशरीन मयातैन व अलफ" म्हणजे पाच, वीस, दोनशे आणि हजार: सुहूर सन १२२५. सुहूर ही मराठी दफ्तरात वापरली जाणारी कालगणना, तिचं वर्ष मृगापासून सुरू होतं. जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. १२२५ मध्ये ५९९ मिळवले की १८२४. म्हणजे कित्तूरच्या लढाईचं वर्ष कागदावर असं दिसेल. फसली, म्हणजे महसुली, सन लिहिला असेल तर तेच वर्ष १२३४ येतं, तिथे ५९० मिळवायचे. दोन्हींत नऊ वर्षांचा फरक आहे. सुहूरला फसलीचा हिशेब लावला की १८२४ चा कागद १८१५ चा होऊन बसतो. त्याच कागदावर शके असेल तर ताळा करून घ्यावा: ऑक्टोबर १८२४ म्हणजे शके १७४६.

प्रत्येक जुना कागद कित्तूरच्या लढाईचा नसतो, तसं लेबल लावू नये. मौजे, कर्यात किंवा परगणा आणि पाठवणाऱ्याचं नाव वाचून जेवढं लिहिलंय तेवढंच सांगावं. जमिनीच्या चतुःसीमा असलेला कागद घरातल्या सगळ्या वाटेकऱ्यांना विचारूनच मांडावा. भाऊबंदकीचा एखादा दावा कोर्टात चालू असेल तर तो कागद ट्रंकेतच राहू दे.

परत आल्यावर मशाली तशाच कोपऱ्यात टाकू नयेत. जळका बोळा आणि तार काढून टाकावी. तेल मुरलेल्या चिंध्यांचा ढीग बंद खोलीत आपोआप तापून पेटू शकतो, म्हणून त्या उघड्यावर वाळवून नष्ट कराव्यात. पाइप घासून त्याला तेलाचा हात द्यावा. २६ जानेवारीला नंदगडला जायचंय. १८३० मध्ये बिडी गावची सरकारी कचेरी जाळणाऱ्या रायण्णांना १८३१ च्या त्या दिवशी तिथे फाशी दिलं, आणि त्यांच्या समाधीवरचा वड अजून उभा आहे. खानापूरहून बारा-एक किलोमीटर रस्ता. त्याला तीन मशाली आणि तीन लिटर तेल पुरतं.