25 मिली सल्फ्युरिकला 50 मिली कॉस्टिक कामून लागतं

परवा रात्री दहाला भाचीचा फोन आला. बारावीला आहे, लातूरला रूम करून राहायलीय. "मामा, उत्तर 50 मिली दिलंय आन माझं 25 च यायलंय, पुस्तकच चुकलं असंल." गणित एवढंच की 25 मिली 0.1 मोलर (लिटरात 0.1 मोल) सल्फ्युरिक ॲसिडला 0.1 मोलर कॉस्टिक सोडा किती लागंल, तिनं सरळ एम वन व्ही वन बरोबर एम टू व्ही टू लावून टाकलं होतं.

बरीच पोरं इथंच अडकतात. सल्फ्युरिकच्या एका रेणूतून दोन एच सुटतात, कॉस्टिकच्या एका रेणूत ओएच एकच, मग एकाला एक पुरंल कसं? तिला म्हणलं मोलॅरिटी ठेव बाजूला, नॉर्मॅलिटी घे, म्हणजे लिटरात किती ग्रॅम इक्विव्हॅलंट ते बघायचं. एक ग्रॅम इक्विव्हॅलंट म्हणजे रेणूभाराला सुटणाऱ्या एच नाहीतर ओएचच्या संख्येनं भागून येतात तेवढे ग्रॅम. सल्फ्युरिकचा रेणूभार 98, भागिले 2 म्हणजे 49, कॉस्टिकचा 40 चा 40 च. 0.1 मोलर सल्फ्युरिक झालं 0.2 नॉर्मल, 0.2 गुणिले 25 बरोबर 5 मिलीइक्विव्हॅलंट (इक्विव्हॅलंटचा हजारावा भाग), तेवढेच 5 कॉस्टिककडून पाहिजेत, 0.1 नं भाग, 50 मिली.

मिश्रणाच्या गणितात तर ह्याच्यासारखं सोपं काही नाही बर्का. 50 मिली 0.2 नॉर्मल एचसीएल, त्यात 30 मिली 0.1 नॉर्मल सल्फ्युरिक, वरून 100 मिली 0.1 नॉर्मल कॉस्टिक. ॲसिडचे 10 आन 3 मिळून 13, बेसचे 10, ॲसिड उरलं 3, एकूण 180 मिलीत, म्हणजे साधारण 0.0167 नॉर्मल. कोणतं ॲसिड आधी संपलं हे बघायची गरजच नाही.

फक्त फॉस्फोरिकपाशी जपायचं. त्याचे तिन्ही एच एकदम सुटत नाहीत, मिथिल ऑरेंज हे इंडिकेटर (रंग बदलून रिॲक्शन कुठवर आली ते दाखवणारं) टाकलं तर एकाच एचवर रंग बदलतो, फिनॉल्फ्थॅलिनला दोनवर. म्हणजे बाटली तीच आन नॉर्मॅलिटी वेगळी, त्यामुळंच आयुपॅक (रसायनशास्त्राची जागतिक संस्था) मोलॅरिटीच वापरा म्हणते. पण कोणती रिॲक्शन ते लिहून ठेवलं तर घोटाळा होत नाही असं मला वाटतं.

मी पाणी तपासायच्या लॅबमधे काम करतो, आमचं तर नॉर्मॅलिटीशिवाय पानच हालत नाही. बोअरच्या पाण्याची अल्कलिनिटी (ॲसिड पचवायची ताकद) काढायला 0.02 नॉर्मल सल्फ्युरिक ठेवतो, कारण त्याचा 1 मिली म्हणजे बरोब्बर 1 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, त्याचा रेणूभार 100 भागिले 2 म्हणजे 50, आन 0.02 गुणिले 50 बरोबर 1. 100 मिली पाणी घ्यायचं, मिथिल ऑरेंजचे दोन थेंब, पिवळा जाऊन नारंगी झाला की ब्युरेट (ॲसिड सोडायची मापाची नळी) बंद, आलेल्या आकड्याला दहानं गुण, लिटरमागचा हिशोब तयार.

भाचीला म्हणलं सुट्टीला आलीस की घरच्या बोअरचं बाटलीभर आण, तूच ब्युरेट धर. मागच्या उन्हाळ्यात त्याला 38 मिली लागलं होतं, म्हणजे लिटरमागं 380 मिलिग्रॅम. आयएस 10500 (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) मधे 200 पर्यंत चांगलं, दुसरं पाणीच नसलं तर 600 पर्यंत चालतं. औंदा पाणी अजून खाली गेलंय, किती येतंय बघू.