देवगडहून नोकरी बदलताना

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पुण्यातील भाड्याची खोली सोडून मी देवगड तालुक्यातील आमच्या वाडीत आले आणि पुढची जवळजवळ तीन वर्षे तिथूनच कंपनीचे काम केले. जावा आणि स्प्रिंग बूट वापरून बॅकएंड, म्हणजे ॲपचा सर्व्हरवर चालणारा पडद्यामागचा भाग, लिहिणे हे माझे काम. त्यासाठी लॅपटॉप, वीज आणि भरवशाचे इंटरनेट एवढेच लागते, आणि मुदतीत काम पूर्ण होत असल्यामुळे वरिष्ठांचीही कधी तक्रार आली नाही. २०२३ च्या सुरुवातीला मात्र कंपनीने सर्वांना कार्यालयात परत बोलावले. घरून काम करण्याची सवलत कोणाच्याच नेमणूकपत्रात लिहिलेली नव्हती, त्यामुळे तक्रार करायलाही आधार नव्हता. आई-बाबांचे वय आणि हापूसची बाग यांमुळे मला गाव सोडायचे नव्हते. तेव्हा नवी नोकरी शोधायची आणि कामाचे ठिकाण देवगड असल्याचे नेमणूकपत्रातच लिहून घ्यायचे, असे मी ठरवले.

काळ अनुकूल नव्हता. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने सुमारे ११ हजार कर्मचारी कमी केले होते, आणि जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने १० हजार तर गूगलने १२ हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले होते. त्याचे पडसाद भारतातील भरतीवरही उमटले होते. अशा वेळी हातातली नोकरी सोडून शोध सुरू करणे मला योग्य वाटले नाही; एक तरी ऑफर हाती आल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही, हे मी पक्के केले. यातली अडचण अशी की आपल्याकडे अनेक आयटी कंपन्यांत नोटिस पिरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर काम करत राहण्याची मुदत, ९० दिवसांचा असतो, आणि भरती करणाऱ्यांना माणूस महिनाभरात हवा असतो. नोकरी डॉट कॉमवर उमेदवार शोधताना नोटिस पिरियडची चाळणी लावता येते. ९० दिवसवाले अनेकदा तिथेच गळतात. म्हणून मी पोर्टलपेक्षा ओळखीच्या माणसांवर अधिक भिस्त ठेवली. पूर्वी बरोबर काम केलेले सहकारी जिथे जिथे गेले होते, तिथे त्यांच्याकडून रेफरल, म्हणजे कंपनीच्या आतून केलेली शिफारस, घेतले. रेफरलमुळे नोकरी मिळत नाही, पण रेझ्युमे माणसाच्या डोळ्यांखालून जातो, आणि माझ्या अनुभवात त्यानेच मोठा फरक पडला.

रेझ्युमे दोन पानांत बसवला. ‘अमुक मॉड्यूलवर काम केले’ अशी वाक्ये काढून टाकली आणि त्यांच्या जागी काय बिघडले होते, मी काय बदलले आणि त्याने काय सुधारले, हे लिहिले. एका अहवालाची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, योग्य इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी नोंद) नसल्यामुळे संपूर्ण टेबल चाळत होती; इंडेक्स घातल्यावर मिनिटांचे काम काही सेकंदांवर आले, ही नोंद जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत चर्चेला आली. जे लिहाल त्यावर खोलात विचारले जाते, म्हणून जे आपल्या हाताने केले तेच लिहावे.

मुलाखती एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे ऐन आंब्याच्या हंगामात झाल्या. घराच्या भिंती चिऱ्याच्या आणि जाड असल्यामुळे माजघरात मोबाइलची रेंज मिळत नाही; फायबरचा राउटर पडवीत, आणि तिथेच पेट्या भरण्याची गडबड. शेवटी राउटरपासून केबल ओढून आतल्या खोलीत टेबल लावले, राउटर आणि लॅपटॉप दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले आणि फायबर गेलाच तर मोबाइलचे हॉटस्पॉट खिडकीत तयार ठेवले. मुलाखत सुरू होताच मी समोरच्याला स्पष्ट सांगत असे की मी देवगडहून बोलत आहे, जोड तुटली तर दोन मिनिटांत दुसऱ्या जोडणीवरून परत येईन. जिथून काम करणार आहे तिथूनच मुलाखत देत असल्यामुळे आपली व्यवस्था समोरच्याला प्रत्यक्ष दिसते, हा त्याचा आणखी एक फायदा झाला.

पहिल्या फेऱ्या बहुतेक ठिकाणी सारख्याच होत्या: अ‍ॅरे, हॅशमॅप, ट्री, ग्राफ या माहिती मांडण्याच्या रचनांवरचे प्रश्न, आणि पडद्यावर कोड लिहीत असताना विचार बोलून दाखवणे. रोज पहाटे सराव केला, त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे नाही. खरा कस लागला तो सिस्टिम डिझाइनच्या, म्हणजे संपूर्ण प्रणालीची आखणी करण्याच्या, फेरीत. एका मुलाखतीत विचारले गेले की ग्राहकाने पैसे भरण्याचे बटण दाबले, सर्व्हरने पैसे वळतेही केले, पण उत्तर परत पोचण्याआधीच ग्राहकाचे नेटवर्क गेले; आता त्याने पुन्हा बटण दाबले तर काय होईल? पावसाळ्यात लाइट जाणाऱ्या गावात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. मी सांगितले की पैसे भरण्याच्या प्रत्येक प्रयत्नासाठी ॲपने एकच अनन्य क्रमांक, म्हणजे आयडेम्पोटन्सी की, तयार करावी आणि पुन्हा विनंती करताना तीच पाठवावी. सर्व्हरने ती की डेटाबेसमध्ये युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे एकच मूल्य दोनदा नोंदू न देणारी अट, लावून नोंदवावी, आणि तीच की पुन्हा आली तर पैसे पुन्हा न कापता पहिल्या वेळचेच उत्तर परत द्यावे. त्यावर पुढचा प्रश्न आला: दोन्ही विनंत्या एकाच क्षणी दोन वेगवेगळ्या सर्व्हरवर पोचल्या तर? अशा वेळी ‘आधी शोधा, नसेल तर घाला’ हा क्रम उपयोगी पडत नाही, कारण दोघांनाही नोंद सापडत नाही आणि दोघेही पुढे जातात. आधी नोंद घालण्याचाच प्रयत्न करावा आणि डेटाबेस ज्याला अडवेल त्याने थांबून पहिल्याच्या निकालाची वाट पाहावी. ही चर्चा बराच वेळ चालली आणि मला मनापासून आवडली. मुलाखत घेणारे गृहस्थ स्वतः पेमेंटच्या प्रणालीवर काम करणारे होते, आणि पुढे त्यांच्याच टीममध्ये मी रुजू झाले.

कामाच्या ठिकाणाचा विषय मी एचआरच्या पहिल्याच फोनवर काढत असे. काही ठिकाणी संभाषण तिथेच संपले, आणि त्यात दोघांचाही वेळ वाचला. काही ठिकाणी ‘मॅडम, सध्या सगळे घरूनच काम करतात, काळजी करू नका’ असे आश्वासन मिळाले. पण ते नेमणूकपत्रात लिहाल का, असे विचारल्यावर उत्तर लांबणीवर पडले. काही कंपन्यांनी चांगल्या झालेल्या फेऱ्यांनंतरही कारण न देता नकार कळवला. एवढा वेळ घेतल्यावर उमेदवाराला दोन ओळींचे कारण मिळायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

अखेर दोन ऑफर हाती आल्या. एक पुण्याच्या कंपनीची, आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात येण्याच्या अटीची आणि आकड्याने मोठी. दुसरी बंगळुरूच्या कंपनीची, आकड्याने थोडी लहान, पण घरून काम करण्याची. बाबांना मी मोठा आकडा आधी सांगितला. वाशीच्या बाजारात आंबा पाठवून अनेक वर्षे गेलेल्या माणसाला आकड्याने भुरळ पडत नाही. त्यांनी विचारले, ‘‘हातात किती येतले गो, ता सांग.’’ दलालाकडून येणाऱ्या पट्टीवर मालाची विक्री वर लिहिलेली असते आणि खाली गाडीभाडे, हमाली वजा होत होत शेवटच्या ओळीत खरी रक्कम येते. सीटीसी, म्हणजे कंपनीला आपल्यावर होणारा वर्षाचा एकूण खर्च, ही त्या पट्टीची फक्त वरची ओळ असते.

खालच्या ओळी मी कागदावर मांडल्या. समजा सीटीसी २० लाख आहे आणि मूळ वेतन त्याच्या ४० टक्के, म्हणजे ८ लाख आहे. कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीतील १२ टक्के वाटा ९६ हजार, तो सीटीसीतच धरलेला असतो. ग्रॅच्युइटी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे ३८,४८० रुपये, तीही त्यातच. हा ४.८१ चा आकडा वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन, महिन्याचे कामाचे दिवस २६, या कायद्यातील सूत्रातून येतो, आणि ती रक्कम साधारणपणे पाच वर्षे सलग सेवा झाल्यावरच मिळते. व्हेरिएबल १० टक्के असेल तर २ लाख, जे कंपनीच्या आणि आपल्या कामगिरीवर अवलंबून असतात. उरतात १६,६५,५२० रुपये. त्यातून आपला स्वतःचा १२ टक्के वाटा ९६ हजार गेला की १५,६९,५२०, म्हणजे आयकर आणि व्यवसाय कर कापण्याआधी महिन्याला सुमारे १ लाख ३० हजार. निधीतली रक्कम आपलीच असते हे खरे, पण घरखर्च तिच्यातून चालत नाही. जॉइनिंग बोनस सीटीसीत मिळवला असेल तर तो पुढच्या वर्षी नसतो, आणि वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास परत करावा लागतो, अशी अट बहुधा असते.

या पद्धतीने दोन्ही ऑफर मांडल्यावर त्यांतील अंतर बरेच कमी झाले, कारण पुण्याच्या आकड्यात व्हेरिएबल आणि जॉइनिंग बोनसचा वाटा मोठा होता. त्यातून पुण्यातले घरभाडे आणि फोंडा घाटातून कोल्हापूरमार्गे होणारी ये-जा वजा केली तेव्हा घरून काम करण्याची ऑफरच सरस ठरली. तरीही बंगळुरूच्या एचआरना मी दुसऱ्या ऑफरविषयी खरे ते सांगितले आणि निश्चित वेतनात वाढ मागितली. त्यांनी काही वाढ मान्य केली. ठिकाणाबाबत मात्र मी कुठेही सैल झाले नाही. पत्राच्या पहिल्या मसुद्यात ‘कामाचे ठिकाण बंगळुरू, कंपनीच्या गरजेनुसार बदलता येईल’ असे नेहमीचे वाक्य होते. ते बदलून ‘रिमोट, देवगड’ असे करून घेतले, वर्षातून किती वेळा कार्यालयात यावे लागेल आणि तो प्रवासखर्च कोण करील हेही लिहून घेतले. गरजेनुसार बदलाचे वाक्य त्यांनी पूर्ण काढले नाही, पण ‘परस्पर लेखी संमतीने’ हे शब्द त्यात घातले. माझ्या दृष्टीने सगळ्या वाटाघाटीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच होती.

राजीनामा दिल्यावर एक विचित्र गोष्ट घडते. प्रोफाइलवर ‘नोटिस पिरियड चालू आहे’ असे दिसू लागले की आधी न फिरकलेले रिक्रूटर फोन करू लागतात. कित्येक जण या ९० दिवसांत ऑफरवर ऑफर गोळा करतात आणि रुजू होण्याच्या आदल्या दिवशी नकार कळवतात. कंपन्याही कधीकधी दिलेली ऑफर मागे घेतात, त्यामुळे उमेदवाराच्या मनातली भीती मी समजू शकते. पण शब्द दिल्यावर तिथल्या टीमने आपल्यासाठी जागा धरून ठेवलेली असते. मी पुण्याच्या कंपनीला त्याच आठवड्यात नकार कळवला आणि नंतरच्या फोनना नम्रपणे नाही म्हटले.

नोटिसच्या काळात मी कामाची सूत्रे व्यवस्थित लिहून दिली आणि लॅपटॉप कुरियरने पाठवून त्याची पोच जपून ठेवली. रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या हाती घेतल्या, कारण पार्श्वभूमी तपासणीत रुजू होण्याच्या आणि सोडण्याच्या तारखा निधीच्या नोंदींशी ताडून पाहिल्या जातात. एका गोष्टीकडे पुष्कळांचे लक्ष जात नाही: कंपनीचा समूह आरोग्यविमा साधारणपणे शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो आणि त्याबरोबर आईवडिलांचे संरक्षणही संपते. म्हणून मी रुजू होण्याची तारीख जुन्या नोकरीच्या शेवटच्या दिवसाला लागूनच घेतली, आणि नव्या विम्यात आईचा आधीपासूनचा मधुमेह पहिल्या दिवसापासून धरला जाईल याची ईमेलवर खात्री करून घेतली. तालुक्याच्या ठिकाणाहून मोठ्या रुग्णालयासाठी कोल्हापूर किंवा गोवा गाठावा लागतो, तिथे ही खात्री फार मोठी असते.

गणपतीच्या आधी, सप्टेंबरमध्ये मी रुजू झाले. त्यानंतर दोन कामे उरली. पहिले भविष्यनिर्वाह निधीचे. यूएएन, म्हणजे निधीचा आपला कायमचा क्रमांक, तोच राहतो, पण जुन्या खात्यातील रक्कम नव्या खात्यात वर्ग करून घ्यायची होती. त्यासाठी जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवलेली असावी लागते. तिने ती नोंदवली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी कर्मचाऱ्याला स्वतः पोर्टलवर नोंदवता येते. रक्कम काढून घेण्याचा मोह मी टाळला, कारण पाच वर्षांची सेवा पूर्ण होण्याआधी काढलेली रक्कम करपात्र ठरते, आणि निवृत्तिवेतनासाठी लागणारी दहा वर्षांची सेवाही वर्ग केल्याने जोडली जाते.

दुसरे काम आयकराचे. वर्षाच्या मध्यावर नोकरी बदलली की करमुक्त टप्पा आणि प्रमाणित वजावट दोन्ही कंपन्या आपापल्या हिशेबात धरतात, कर कमी कापला जातो, आणि विवरणपत्र भरताना उरलेला कर व्याजासह अंगावर येतो. मी रुजू होताच १२बी फॉर्ममध्ये जुन्या वेतनाचा आणि कापलेल्या कराचा तपशील नव्या कंपनीला दिला, त्यामुळे पुढच्या महिन्यांत कपात थोडी वाढली. पुढे जुलै २०२४ मध्ये दोन्ही कंपन्यांचे फॉर्म १६, म्हणजे वेतन आणि कापलेल्या कराचे दाखले, समोर ठेवून मी विवरणपत्र भरले, तेव्हा भरायचे काही शिल्लक निघाले नाही.